पाताळ, पांघरूण आणि गाभा : मराठीतील भूगर्भवर्णनाविषयी

पृथ्वीच्या पोटात काय आहे, या प्रश्नाची उत्तरे मराठीत तीन निरनिराळ्या ठिकाणी मिळतात आणि ही ठिकाणे एकमेकांशी बोलत नाहीत. एक उत्तर पुराणातले : सप्तपाताळ, शेष, बळीचे राज्य. दुसरे पाठ्यपुस्तकातले व कोशातले : भूकवच, प्रावरण, गाभा. तिसरे विहीर खणणाऱ्याच्या तोंडचे : माती, मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण. आपल्यापैकी बहुतेकांनी ही तिन्ही उत्तरे आयुष्यात कधी ना कधी ऐकलेली असतात. पहिले आजीकडून, दुसरे गुरुजींकडून, तिसरे शेतावर. तरीही ती एकाच जमिनीविषयीची आहेत, याची जाणीव आपल्या लेखनात क्वचितच दिसते.

प्रस्तुत लेखाचा विषय भूगर्भशास्त्र हा नाही. भूगर्भाचे वर्णन मराठीने कसे केले, कोणत्या शब्दांत केले आणि त्या वर्णनाने वाचकाला काय दिले व काय दिले नाही, एवढ्याचाच विचार येथे करावयाचा आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : मराठीतील भूगर्भवर्णन थर सांगते, त्यांची जाडी सांगते, पण ते कसे कळले हे सांगत नाही. जी गोष्ट कोणीही डोळ्यांनी पाहिलेली नाही, तिच्याविषयीच्या लेखनात ‘कसे कळले’ हाच खरा मजकूर असतो. तो वगळला की विज्ञानाचे वर्णन आणि पाताळाचे वर्णन यांत वाचकाच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही. दोन्ही ठिकाणी त्याला केवळ विश्वास ठेवावयाचा असतो.

प्रारंभ पाताळापासूनच करणे योग्य, कारण आपल्या मनातील भूगर्भाचा रंग तेथून आला आहे. अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताळ ही सात नावे पुष्कळांना पाठ असतात. परंतु मूळ वर्णन कसे आहे, याचा विसर पडलेला दिसतो. पुराणातले पाताळ अंधारी, जळती, भयाण जागा नाही. तेथे नागांच्या मण्यांचा उजेड आहे, उद्याने आहेत, नगरे आहेत. विष्णुपुराणात तर नारद पाताळ पाहून येतो आणि ते स्वर्गाहून रमणीय असल्याची ग्वाही देतो. नरकांची गणना पुराणांनी वेगळी केली आहे. सुतलात बळी राज्य करतो आणि दिवाळीच्या पाडव्याला आपण ज्याचे स्मरण करतो तो राजा तेथे सुखाने नांदतो, अशी श्रद्धा आहे. म्हणजे ‘खाली’ या दिशेशी आज आपण जोडतो ती आग आणि ती भीती या वर्णनात जवळजवळ नाही. ‘रसातळाला जाणे’ या वाक्प्रचाराने मराठीत अधोगतीचा अर्थ घेतला तो नंतरचा. काव्य म्हणून हे वर्णन समृद्ध आहे आणि काव्य म्हणूनच त्याचा मान राखला पाहिजे.

तो मान आजकाल राखला जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते. दिवाळी अंकांतून, व्याख्यानांतून आणि हौशी लेखांतून एक प्रतिपादन वारंवार कानी पडते : आपल्या पूर्वजांना पृथ्वीचे सात थर ठाऊक होते, सप्तपाताळ म्हणजे तेच. पुरावा म्हणून रसातळ पुढे केले जाते. रस म्हणजे द्रव, पृथ्वीचा बाह्य गाभा द्रवरूप, म्हणून रसातळ म्हणजे बाह्य गाभा! ही व्युत्पत्ती ऐकावयास गोड आहे, परंतु संस्कृतात ‘रसा’ हे पृथ्वीचेच एक नाव आहे आणि रसातळ म्हणजे रसेचा तळ, एवढा साधा अर्थ त्यातून निघतो. राहिला सात या संख्येचा प्रश्न. मोजणाऱ्याने सात मोजावयाचे ठरवले तर सात अवश्य निघतात : कवच, वरचे प्रावरण, संक्रमणाचा पट्टा, खालचे प्रावरण, गाभ्यालगतचा पातळ थर, बाह्य गाभा, अंतर्गाभा. तीन मोजावयाचे ठरवले तर तीनही निघतात आणि पाचही. संख्या जुळणे हा पुरावा नव्हे. जुळवणाऱ्याची इच्छाशक्ती तेवढी त्यातून सिद्ध होते.

आणि परंपरेचाच आधार हवा असेल, तर तो याहून चांगला उपलब्ध आहे. भास्कराचार्यांनी 1150 साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात पृथ्वीला शेषाचा किंवा अन्य कशाचाही आधार असल्याची कल्पना तर्काने खोडून काढली आहे. आधाराला आधार, त्याला आणखी आधार असे मानत गेले तर शेवट होत नाही. कुठेतरी एक वस्तू स्वतःच्या शक्तीने स्थिर आहे असे मानावेच लागते, तर मग ती शक्ती पहिल्यापासून पृथ्वीलाच का मानू नये, असा त्यांचा मुद्दा आहे. त्यांचे विज्जडवीड गाव नेमके कोणते, यावर खानदेशातून आणि विजापूरकडून असे दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला जातो. सीमाभागातील वाचकाला या वादाचे फारसे नवल वाटू नये. पण गाव कोणतेही असो, आठशेहून अधिक वर्षांपूर्वी याच पठाराच्या परिसरातील एक माणूस पुराणातल्या भूगोलाला ‘हे कशावरून?’ असे विचारीत होता, ही गोष्ट सप्तपाताळाच्या ओढूनताणून केलेल्या जुळणीपेक्षा अधिक अभिमानाची आहे.

मधल्या काळात मराठी मुलांच्या भूगर्भकल्पनेवर आणखी एक संस्कार झाला, तो ज्यूल व्हर्नचा. त्याची भूगर्भातील प्रवासाची कादंबरी 1864 ची. भा. रा. भागवतांनी ती ‘पाताळलोकची अद्भुत यात्रा’ या नावाने मराठीत आणली. ‘पाताळ’ हा शब्द वापरताच मराठी वाचक विनासायास त्या जगात शिरतो, हे भागवतांनी अचूक ओळखले होते. व्हर्नची पात्रे आइसलंडमधील एका ज्वालामुखीतून खाली उतरतात, भूगर्भातील समुद्र ओलांडतात आणि इटलीतील स्ट्रॉम्बोलीच्या मुखातून बाहेर फेकली जातात. शास्त्रीय दृष्ट्या यातले काहीच टिकत नाही. पण त्या कादंबरीत एक गुण आहे जो आपल्या पुष्कळ अचूक पाठ्यपुस्तकांत नाही : तिच्यातील प्राध्यापक आणि त्याचा पुतण्या भांडतात. खोलीबरोबर उष्णता किती वाढते, ती तशीच वाढत राहील की नाही, कोणत्या शास्त्रज्ञाने काय म्हटले आहे, यावर त्यांचा वाद चालतो. उत्तर चुकले असेल, परंतु प्रश्न जिवंत आहे.

आता पाठ्यपुस्तकांकडे वळू. आपल्यातील ज्येष्ठांनी शाळेत ‘सियाल, सायमा, निफे’ हा त्रिखंडी मंत्र घोकला असेल. सिलिका व ॲल्युमिनियम, सिलिका व मॅग्नेशियम, निकेल व लोह यांच्या पाश्चात्त्य संज्ञांची आद्याक्षरे जोडून एडुआर्ट झ्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने केलेले हे शब्द मराठीत जसेच्या तसे आले आणि पिढ्यानुपिढ्या अर्थाविना पाठ झाले. पुढे त्यांची जागा भूकवच, प्रावरण आणि गाभा या शब्दांनी घेतली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईहून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाने, ज्याचा पहिला खंड 1976 साली निघाला, या परिभाषेला प्रतिष्ठा दिली. मॅग्माला ‘शिलारस’ हा देखणा प्रतिशब्दही तेथे रूढ झाला.

या शब्दांविषयी मला विशेष लिहावयाचे आहे, कारण ते आपल्याला वाटतात त्याहून फार जवळचे आहेत. ‘प्रावरण’ हा शब्द जड, पुस्तकी, परका वाटतो. पण संस्कृत प्रावरण म्हणजे अंगावर घेण्याचे वस्त्र. प्राकृतात त्याचे ‘पंगुरण’ झाले, हेमचंद्राच्या व्याकरणात हे रूप नोंदलेले आहे, आणि मराठीत त्याचे ‘पांघरूण’ झाले. ज्या शब्दाने वर्गातील मूल बिचकते, तो शब्द ते रोज रात्री अंगावर ओढून झोपते! गाभ्याचेही तसेच. गर्भ या शब्दापासून गाभा आला, गाभारा आला. भूगर्भ आणि पृथ्वीचा गाभा ही एकाच शब्दाची दोन वयाची रूपे आहेत. केळीचा गाभा, देवळाचा गाभारा आणि पृथ्वीचा गाभा यांतील नाते एका वाक्यात उलगडता येते. ते वाक्य मला शालेय पुस्तकांत आढळले नाही. विश्वकोशाची पद्धत अशी की पारिभाषिक शब्द आला की लगेच कंसात त्याचे स्पष्टीकरण द्यावयाचे. शास्त्रीय शिस्त म्हणून ती निर्दोष आहे, पण तिचा वाङ्मयीन परिणाम असा होतो की शब्द कधी मुरतच नाही. कंसाच्या कुबडीवाचून तो पुढे चालत नाही. उलट 2018 साली लागू झालेल्या महाराष्ट्राच्या आठवीच्या भूगोलात प्रकरणाला ‘पृथ्वीचे अंतरंग’ हे नाव दिलेले आहे, ते मला फार आवडले. अंतरंग हा शब्द मराठी मन संतसाहित्यापासून वापरीत आले आहे. बाहेरून न दिसणारे, पण खुणांवरून ओळखता येणारे असे काही तरी त्याने सूचित होते, आणि भूगर्भाच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी तीच आहे.

मात्र चांगला शब्दही फसवू शकतो. पांघरूण म्हटले की आत कोणीतरी मोठे झोपलेले आहे आणि वर पातळसे वस्त्र आहे, असे चित्र उभे राहते. येथे प्रमाण उलटे आहे. अनगोळच्या शिवारातील एखादी विहीर डोळ्यांसमोर आणावी, दहा मीटर खोल, आणि तिचा तळ म्हणजे पृथ्वीचे केंद्र समजावे. प्रत्यक्षात हे अंतर 6,371 किलोमीटर आहे. या विहिरीत भूकवच, ज्यावर आपली घरे, देवळे, डोंगर आणि धरणे आहेत, ते वरचे जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर भरेल. नंतर प्रावरण सुरू होते ते साडेचार मीटरपर्यंत. त्याखाली आठ मीटरपर्यंत बाह्य गाभा, आणि उरलेले सुमारे दोन मीटर अंतर्गाभा. पृथ्वीच्या एकंदर आकारमानाचा सुमारे 84 टक्के भाग हे प्रावरणच आहे. पांघरूणच बहुतेक सारी पृथ्वी आहे, असे म्हणावे लागेल. रशियातील कोला द्वीपकल्पावर 1989 पर्यंत माणसाने खणलेले सर्वांत खोल छिद्र, 12,262 मीटरचे, आपल्या या विहिरीत दोन सेंटीमीटरही जात नाही. आपल्याच राज्यातील कोलारच्या सोन्याच्या खाणी 2001 साली बंद झाल्या. माणसे तेथे तीन किलोमीटरहून अधिक खाली उतरून काम करीत, ती या मापाने अर्धा सेंटीमीटर खाली गेली होती.

दुसरी फसवणूक ‘शिलारस’ या शब्दाची. शब्द सुंदर आहे म्हणूनच त्याने अधिक घोटाळा केला. कवचाखाली सर्वत्र शिलारसाचा उकळता समुद्र आहे आणि आपण त्यावर तरंगणाऱ्या सायीवर बसलो आहोत, असे चित्र सुशिक्षित मराठी माणसाच्याही मनात असते. प्रावरण घन आहे, दगडाचे आहे. ते वर्षाला काही सेंटीमीटर अशा गतीने सरकते, वाहते म्हटले तरी चालेल, पण घन राहूनच. हजारांहून अधिक अंश तापमानाला दगड वितळत का नाही, याचे उत्तर दाबात आहे आणि ते स्वयंपाकघरात सापडते. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभर अंशांना उकळत नाही, त्याला अधिक उष्णता लागते. खोलवर दगडाचेही वितळण्याचे तसेच होते. उलट तोच तप्त दगड वर सरकू लागला आणि त्याच्यावरचा दाब कमी झाला, की उष्णता न वाढताही त्याचा काही अंश वितळतो. तेवढाच शिलारस. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारताखाली हे फार मोठ्या प्रमाणावर घडले आणि लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार झाले. आपल्या विहिरींतला काळा पाषाण हा अशा रीतीने प्रावरणातून वर आलेला आहे. पांघरुणाचा धागा आपण हातात घेऊन पाहू शकतो. आणि ज्या घरांत हिऱ्याच्या कुड्या पिढीजात चालत आल्या आहेत, त्या घरांत तर दीडशे किलोमीटरहून खोल प्रावरणात घडलेली वस्तू कानात मिरवते आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिला तो. पाच-सहा सेंटीमीटरच्या पलीकडे कोणी गेलेले नाही, तर साडेचार मीटरवर काय आहे ते कशावरून कळले? बाजारात मडके घेताना आपण बोटाच्या पेराने वाजवून पाहतो, कलिंगडावर टिचकी मारतो. आत न पाहता आतले कळते, ते नादावरून. पृथ्वीच्या बाबतीत टिचकी मारण्याचे काम भूकंप करतात. भूकंपाच्या लहरी दोन प्रकारच्या असतात. एक पुढे-मागे ढकलत जाणारी आणि वेगवान, दुसरी आडवी हेलकावणारी आणि मंद. दुसरीचे वैशिष्ट्य असे की ती द्रवातून जाऊ शकत नाही. पृथ्वीवर कोठेही मोठा भूकंप झाला की पहिली लहर वीस-एक मिनिटांत पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस पोहोचते. वाटेत ती कोठे वळली, कोठे थांबली, किती उशिरा आली, यावरून वाटेचा अंदाज बांधावयाचा.

या इतिहासाचा पहिला अध्याय भारतात घडलेला आहे, आणि आपल्या पुस्तकांतून तो ठळकपणे यावयास हवा होता. 12 जून 1897 रोजी आसामात प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा अभ्यास केला, युरोपातील दूरच्या यंत्रांवर उमटलेल्या त्याच्या नोंदी तपासल्या, आणि या दोन लहरी वेगळ्या ओळखल्या. पुढे 1906 साली त्यांनी पृथ्वीला निराळ्या द्रव्याचा गाभा असल्याचे याच लहरींवरून मांडले. त्याच आसाम भूकंपानंतर काही वर्षांत मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत मिल्न यांच्या पद्धतीचे भूकंपमापक बसले. तेव्हा वेधशाळेची धुरा नानाभॉय मूस या पहिल्या भारतीय संचालकांकडे होती. 1909 साली झाग्रेबजवळच्या भूकंपावरून मोहोरोविचिच यांनी कवचाचा तळ शोधला. गुटेनबर्ग यांनी गाभ्याची सीमा सुमारे 2,900 किलोमीटरवर निश्चित केली. 1926 साली जेफ्रीज यांनी गाभा द्रवरूप असल्याचे दाखवले.

त्यानंतरची गोष्ट तर कादंबरीकाराला मोह पडावा अशी आहे. 1929 साली न्यूझीलंडमध्ये झालेल्या भूकंपाच्या काही लहरी, द्रव गाभ्याच्या हिशेबाने जेथे पोहोचू नयेत अशा ठिकाणी पोहोचल्या होत्या. क्षीण होत्या, दुर्लक्ष करता आले असते. डेन्मार्कमधील इंगे लेहमान या विदुषीने दुर्लक्ष केले नाही. द्रव गाभ्याच्या आत आणखी एक निराळा गोळा असला पाहिजे, त्यावर आपटून या लहरी परतल्या, असे तिने 1936 साली मांडले. तिच्या निबंधाचे शीर्षक एका अक्षराचे आणि एका चिन्हाचे होते. पृथ्वीच्या अगदी केंद्राविषयीचे आपले ज्ञान, अंतर्गाभ्याविषयीचे, हे काही पुसट रेघांकडे चिकाटीने पाहणाऱ्या एका बाईचे देणे आहे. हे सांगण्यास पाठ्यपुस्तकाला अर्धे पान लागेल. त्याऐवजी ते अर्धे पान अर्धवट कापलेल्या रंगीत गोळ्याच्या आकृतीला दिले जाते, आणि मुलाच्या मनात असे बसते की कोणीतरी कधीतरी पृथ्वी कापून पाहिली असावी.

द्रव गाभ्याची आणखी एक खूण मराठी भूमीवर शंभराहून अधिक वर्षे नोंदली जात आहे. पृथ्वीचे चुंबकत्व बाह्य गाभ्यातील द्रव लोहाच्या हालचालींतून निर्माण होते. कुलाब्यास चुंबकीय नोंदी 1841 पासून होत असत. मुंबईत ट्रामगाड्या विजेवर चालणार असे ठरले, तेव्हा विद्युत्प्रवाहाने नोंदी बिघडतील म्हणून हे काम अलिबागला हलवण्याची योजना झाली. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ घातला गेला आणि मगच कुलाबा थांबले. वेधशाळेची इमारत चुंबकीय नसलेल्या साहित्याची बांधावी लागली. आपला काळा दगड तेथे चालत नव्हता, कारण तो स्वतःच चुंबकीय आहे. लाव्हा थिजताना त्या वेळच्या चुंबकीय दिशेची खूण त्यात गोठून राहते, आणि त्या खुणांवरूनच दख्खनचे थर साचले तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेस होता असे कळले. म्हणजे ज्या दगडाला वेधशाळेने दाराबाहेर ठेवले, तोही एक जुनी नोंदवहीच होता. ललित निबंधकारांनी सह्याद्रीवर एवढे लिहिले, पण सह्याद्रीच्या दगडात गाभ्याची खूण आहे, याचे त्यांना फारसे आकर्षण वाटलेले दिसत नाही.

मराठी माणसाची भूगर्भाशी खरी गाठ पडली ती दोन पहाटे. 11 डिसेंबर 1967 ला कोयना, 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी. कोयनेचा धक्का बेळगाव, गोवा, पुणे, मुंबईपर्यंत जाणवला. दीडशेहून अधिक माणसे गेली. किल्लारीला अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली होती, आणि सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. या दोन्ही प्रसंगी वृत्तपत्रांनी कळकळीने लिहिले, कवींनी लिहिले. त्या लेखनातील करुणा खरी होती. परंतु त्यातली भाषा बहुतेक पाताळाची होती : धरणीमाता कोपली, पृथ्वीचे पोट फाटले, आतली आग उसळली. वस्तुतः दोन्ही भूकंप कवचाच्या वरच्या दहा किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून उथळ उद्भवले. आपल्या दहा मीटरच्या विहिरीत दीड सेंटीमीटरच्या आत. आग नव्हती, शिलारस नव्हता. जुन्या, थंड, तडकलेल्या खडकाचे दोन भाग एकमेकांवर सरकले. ‘पृथ्वीचे पोट’ हा अलंकार एरवी चालून जाईल, पण ज्यांची घरे पडली आहेत त्यांना जेव्हा त्याच जमिनीवर पुन्हा राहावयाचे असते, तेव्हा खाली आगीचा समुद्र आहे की तडा गेलेला खडक आहे, हा फरक अलंकाराचा राहत नाही. समुद्रावर घर बांधता येत नाही. तडकलेल्या खडकावर, नीट बांधले तर, येते.

त्या दोन जागी पुढे जे काम झाले, त्यावर मराठीत वाङ्मयीन गुणांचे लेखन व्हावयास हवे होते, असे मला मनापासून वाटते. किल्लारीला 617 मीटर खोल छिद्र घेण्यात आले. काळ्या पाषाणाची जाडी तेथे सुमारे 338 मीटर निघाली. त्याखाली लाव्हा येण्यापूर्वीच्या गाळाचा काही मीटरांचा पट्टा, आणि त्याखाली अतिप्राचीन ग्रॅनाइटसारखा खडक. कोयना भागात कराडच्या संशोधन केंद्राच्या पुढाकाराने अनेक छिद्रे घेतली गेली आणि 2017 साली गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे छिद्र पूर्ण झाले. तेथे काळा पाषाण सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि थेट जुना खडक लागला. ज्याला आपण सह्याद्रीचे अढळ मूळ समजतो, त्याला तळ आहे आणि त्या तळाखाली आणखी एक, कितीतरी पटींनी जुनी भूमी आहे, हे हाताला लागले. 2023 साली अटलांटिक महासागराच्या तळाशी, जेथे प्रावरणाचा खडक उघडा पडला आहे, तेथे एका संशोधक जहाजाने 1,268 मीटर खोल छिद्र घेऊन त्या खडकाचे नमुने काढले. पांघरुणाचा एवढा लांब तुकडा त्यापूर्वी कोणी हाती घेतला नव्हता.

शेवटी विहिरीवरच्या शब्दांकडे येतो. अनगोळ, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात कुठे तांबडी, कुठे काळी माती आहे. तिच्याखाली मुरूम, मग कुऱ्हाडीला न जुमानणारा पण पहारीला दाद देणारा मांजऱ्या, मग सुरुंगाचा काळा पाषाण. उंचवट्यांवर जांभा. मधूनच लाल गेरूचा पट्टा लागतो. विहीर खणणारा त्याला ओळखतो, पण त्याचा अर्थ पुस्तकाला विचारावा लागतो : एक लाव्हा थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात वरच्या दगडाची माती झाली, आणि नव्या लाव्हाने ती भाजून काढली. गेरूचा पट्टा म्हणजे दोन अग्निप्रलयांमधली विश्रांती. माणसाच्या अनुभवातला शब्द आणि शास्त्राचा अर्थ येथे असे सहज जुळतात, आणि ती जुळणी करून देणे हे लेखकाचे काम होते. पाठ्यपुस्तकाने ते केले नाही, कारण त्याला विहीर ठाऊक नव्हती. ग्रामीण साहित्यानेही केले नाही. त्याने विहिरीला पाणी लागणे-न लागणे यातले दुःख उत्तम रंगवले, पण तिच्या भिंतीकडे पाहिले नाही.

आपल्या भागापुरता हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. येथील मराठी शाळांतील मुले कर्नाटकाच्या पाठ्यक्रमाची मराठी पुस्तके वाचतात. महाराष्ट्रातील मुले दुसरी. आणि बऱ्याच घरांतील नातवंडे आता इंग्रजी माध्यमात ‘मँटल’ म्हणतात. मँटल म्हणण्यास माझी हरकत नाही. त्या इंग्रजी शब्दाचाही अर्थ अंगावर घेण्याचा झगा असाच आहे. हरकत आहे ती मांजऱ्या, गेरू, मुरूम हे शब्द विहिरींबरोबर बुजत चालले आहेत याला. अनगोळ शहरात आले, नळ आले, बोअर आले. बोअरवाला फुटांचा हिशेब देतो, थरांचा देत नाही. हे शब्द ज्यांच्या तोंडी आहेत अशी माणसे आपल्याच घरांत आहेत, आणि त्यांच्याकडून ते लिहून घेण्यास कोणत्याही विद्यापीठाची परवानगी लागत नाही.

बेळगावचे स्थान यासाठी मोठे अनुकूल आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची दक्षिण कड आपल्या जिल्ह्यातून जाते. कराडला जे पाहण्यासाठी यंत्राने किलोमीटरभर खाली जावे लागले, ते, म्हणजे काळ्या पाषाणाच्या आधीची भूमी, येथे खाली नसून शेजारी आहे. खानापूरच्या बाजूला अतिप्राचीन धारवाडी खडक उघडे पडतात. पूर्वेस गोकाकला घटप्रभा ज्या कड्यावरून सुमारे 52 मीटर खाली झेप घेते, तो कडा बेसॉल्टचा नाही. काळ्या पाषाणाहून कितीतरी कोटी वर्षांनी जुन्या वालुकाश्माचा आहे. शाळेच्या सहली तेथे दर वर्षी जातात, आणि मुले धबधब्याकडे पाहतात.